लपवलेलं खेळणं आणि बाळाची नजर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये एक गंमत झाली, निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरणारे निघाले. वस्तू नजरेआड झाली की बाळाच्या डोक्यात तिचं काय होतं? म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ आणि आज फक्त यावरच बोलू, कारण विषय खरंच मोठा आहे आणि माझ्या फार आवडीचाही आहे.

प्रश्न: ताई, माझी मुलगी साडेसहा महिन्यांची आहे. खुळखुळा दाखवला की दोन्ही हात पुढे करते, पण तिच्या डोळ्यांदेखत त्यावर रुमाल टाकला की एकदम शांत. हात खाली, नजर भलतीकडे. रडत नाही, शोधत नाही, काहीच नाही. तिला खरंच वाटतं का की खुळखुळा नाहीसा झाला?

तुम्ही जे बघताय नेमकं तेच बघून झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने या विषयाचा पाया घातला. त्याने स्वतःच्या तीन मुलांचं अगदी तान्हेपणापासून निरीक्षण केलं, वस्तू झाकायच्या, उशीखाली सरकवायच्या, मुठीत लपवायच्या आणि मूल काय करतं ते बारीकसारीक लिहून ठेवायचं, आणि १९३७ साली त्याचं यावरचं पुस्तक आलं. त्याला दिसलं ते असं की चार ते आठ महिन्यांचं बाळ अर्धवट झाकलेली वस्तू ओढून काढतं पण पूर्ण झाकली की हात थांबतो, आणि मग आठ-नऊ महिन्यांच्या आसपास कधीतरी ते झाकण बाजूला करून शोधायला लागतं. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा की लहान बाळासाठी वस्तू म्हणजे जे आत्ता दिसतंय आणि हाताला लागतंय तेवढंच, नजरेआड गेली की ती उरतच नाही. दिसत नसली तरी वस्तू असते ही जी समज, तिला ऑब्जेक्ट पर्मनन्स म्हणतात आणि पियाजेच्या मते ती दीड-दोन वर्षं हळूहळू घडत जाते.

आता जरा विचार करा, रुमालाखालचा खुळखुळा काढायला काय काय लागतं. तो तिथे आहे हे लक्षात ठेवायचं, ते लक्षात ठेवता ठेवता रुमालाकडे हात न्यायचा, रुमाल तर नकोच आहे तरी तो आधी पकडायचा, बाजूला करायचा, आणि मग मूळ वस्तू घ्यायची. साडेसहा महिन्यांच्या जिवासाठी ही भली मोठी साखळी आहे. मग बाळाने हात पुढे केला नाही म्हणजे त्याला माहीत नाही, असं कसं म्हणायचं? म्हणून पुढच्या संशोधकांनी हातांना विचारायचं सोडून डोळ्यांना विचारायला सुरुवात केली.

१९८५ मध्ये रेने बायार्जाँ, एलिझाबेथ स्पेल्की आणि स्टॅनली वॉसरमन यांनी पाच महिन्यांच्या बाळांसमोर एक पडदा ठेवला, पडदा म्हणजे खरं तर फळीच, जी टेबलावर पुढून मागे पूर्ण १८० अंशात आडवी व्हायची. बाळं ते बघून कंटाळली की त्या फळीच्या मागे एक ठोकळा ठेवला, बाळांना दाखवून. फळी उभी झाली की ठोकळा दिसेनासा व्हायचा. मग एकदा फळी ठोकळ्याला टेकून थांबली, जसं व्हायला हवं तसं, आणि एकदा युक्ती करून ती पूर्ण मागे आडवी झाली, जणू ठोकळा तिथे नव्हताच. बाळं या दुसऱ्या, अशक्य प्रकाराकडे जास्त वेळ बघत राहिली. ठोकळा दिसत नव्हता तरी तो तिथे असायला हवा अशी काहीतरी अपेक्षा त्यांच्या डोक्यात असल्याशिवाय हे कसं होईल? १९८७ मध्ये बायार्जाँने हेच साडेचार महिन्यांच्या आणि काही साडेतीन महिन्यांच्या बाळांमध्येही दाखवलं.

मला स्वतःला त्याहून जास्त पटणारा प्रयोग अंधारातला आहे. ब्रूस हूड आणि पीटर विलॅट्स यांनी १९८६ मध्ये पाच महिन्यांच्या बाळांना डावीकडे किंवा उजवीकडे एक वस्तू दाखवली, हात धरून ठेवले, मग दिवा बंद करून वस्तू गुपचूप काढून घेतली आणि हात सोडले. मिट्ट काळोख, समोर काहीही नाही, आणि तरी बाळांचे हात ज्या बाजूला वस्तू बघितली होती तिकडे जास्त वेळा गेले. म्हणजे काळोखात शोधता येतं पण रुमालाखालचं काढता येत नाही, याच वयात.

मग सगळा दोष हातांचाच का? तसंही नाही. युको मुनाकाता आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सात महिन्यांच्या बाळांना टॉवेल ओढून त्यावरचं खेळणं जवळ आणायला शिकवलं आणि मग खेळण्यासमोर कधी पारदर्शक पडदा ठेवला तर कधी अपारदर्शक. ओढायची क्रिया दोन्हीकडे एकच. तरी खेळणं दिसत असताना बाळं जास्त वेळा टॉवेल ओढायची. यातून मला जे समजतं ते असं, की माहीत असणं आणि नसणं असे दोन कप्पे नसतातच, एक फिकट, हळूहळू घट्ट होत जाणारी आठवण असते, आणि ती नजर खिळवून ठेवायला पुरते तेव्हा हात चालवायला अजून पुरत नाही.

तर तुमच्या मुलीला खुळखुळा नाहीसा झाला असं बहुधा वाटत नाहीये. तिच्या डोक्यात त्याचा माग आहे, पण कमजोर आहे, आणि समोर रुमाल पसरलेला दिसतोय तो त्या मागावर मात करतो. खुळखुळ्याचं टोक बाहेर ठेवून झाका, मग थोडं कमी टोक, असं करून बघा आणि हात थांबला तरी तिची नजर कुठे रेंगाळते तेवढं जरूर बघा. अजून एक, हातापायांवर रांगायला लागलेली बाळं लपलेल्या वस्तू शोधण्यात त्याच वयाच्या न रांगणाऱ्या बाळांपेक्षा पुढे असतात हे रोझॅन कर्मोइयन आणि जोसेफ कँपोस यांनी १९८८ मध्ये साडेआठ महिन्यांच्या बाळांमध्ये दाखवलं होतं. त्यात वॉकरमध्ये फिरणारी बाळंही पुढे होती, पण कृपया म्हणून वॉकर आणू नका, वॉकरमुळे जिन्यावरून पडण्याचे वाईट अपघात होतात, कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. जमिनीवर मोकळं सोडा, तेवढं पुरे.

प्रश्न: मुलगा दहा महिन्यांचा. एका उशीखाली बॉल लपवला की बरोब्बर काढतो. दोन-तीनदा तिथून काढला की मग त्याच्यासमोर, त्याला दाखवून, दुसऱ्या उशीखाली ठेवते. तर पठ्ठ्या पुन्हा पहिल्याच उशीखाली हात घालतो! सासूबाई म्हणतात लक्ष नसतं त्याचं. मला मात्र काळजी वाटायला लागलीये.

काळजी अजिबात नको. आठ ते बारा महिन्यांच्या बाळांमध्ये ही चूक इतकी हमखास दिसते की तिला स्वतःचं नाव आहे, ए-नॉट-बी एरर, म्हणजे वस्तू नव्या ‘बी’ जागी असताना जुन्याच ‘ए’ जागी शोधण्याची चूक. ही पण पियाजेचीच नोंद. आणि सासूबाईंना सांगा की लक्ष असतं, बऱ्याचदा हात चुकीच्या उशीकडे जात असतो आणि नजर मात्र बरोबर उशीकडे असते. मला बाळांबद्दलच्या सगळ्या माहितीत ही गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते, एकाच बाळाचे डोळे एक सांगतायत आणि हात दुसरंच.

का होतं असं? ॲडेल डायमंड यांनी २५ बाळांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा तपासलं आणि १९८५ मध्ये मांडलं की वस्तू लपवल्यापासून बाळाचे धरून ठेवलेले हात सोडेपर्यंत किती वेळ जातो यावर सगळं ठरतं. साडेसात महिन्यांचं बाळ दोन सेकंदांच्या आतच गोंधळतं, मग दर महिन्याला साधारण दोन सेकंदांनी ही मुदत वाढत जाते आणि वर्षाचं बाळ दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबूनही बरोबर शोधतं. यात दोन कामं एकत्र आहेत, नवीन जागा डोक्यात धरून ठेवायची आणि आत्ताच दोनदा यशस्वी झालेली जुनी हालचाल आवरायची. ही दोन्ही कामं मेंदूच्या पुढच्या भागाची, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची, आणि तो भाग पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात झपाट्याने तयार होत असतो पण पूर्ण व्हायला कित्येक वर्षं लागतात. आवरणं किती अवघड असतं ते पारदर्शक झाकणांवरून कळतं, वस्तू झाकणातून चक्क दिसत असतानाही बाळं ही चूक करू शकतात! आठवणीचा प्रश्नच नाही तिथे.

लिंडा स्मिथ आणि एस्थर थेलन यांनी तर याहून पुढे जाऊन वस्तू लपवलीच नाही, नुसती दोन झाकणं ठेवली, एका झाकणाकडे बाळाचं लक्ष वेधायचं आणि ते त्याला उचलू द्यायचं, असं काही वेळा, मग दुसऱ्या झाकणाकडे वेधायचं. बाळ पुन्हा पहिल्याकडेच गेलं. लपवलेलं काही नाही तरी तीच चूक. आणि मधे बाळाला बसलेलं होतं ते उभं केलं की चूक कमी झाली, कारण शरीराची ठेवण बदलली की जुन्या हालचालीची सवय तेवढी जोरात ओढत नाही. हे तुम्ही घरी करून बघू शकता, दुसऱ्या उशीखाली ठेवण्याआधी त्याला कडेवर घ्या किंवा उभं करा, कदाचित फरक दिसेल.

अजून एक बाजू आहे. योझेफ टोपाल, ग्यॉर्गी गेर्गेली, गेर्गेली चिब्रा वगैरे हंगेरियन मंडळींनी २००८ मध्ये दाखवलं की मोठं माणूस बाळाच्या डोळ्यात बघून, हाक मारून, लाडाने बोलत लपवतं तेव्हा ही चूक जास्त होते आणि तोंड फिरवून गप्प लपवलं की कमी. त्यांचं म्हणणं असं की बाळाला वाटतं आई मला काहीतरी शिकवतेय, ‘बॉल इथे असतो’ असा नियमच सांगतेय, आणि ते तो धडा पाळतं. यावर संशोधकांचं एकमत नाही, पण मला वाटतं वरच्या सगळ्या कारणांचा थोडा थोडा वाटा असावा, एकच कारण शोधायचा हट्ट कशाला. वर्ष उलटलं की ही चूक आपोआप मागे पडते.

प्रश्न: मी स्वतः इंजिनिअर आहे त्यामुळे जरा सरळच विचारतो. बाळ एखाद्या गोष्टीकडे चार सेकंद जास्त बघतं, आणि त्यावरून शास्त्रज्ञ म्हणतात त्याला भौतिकशास्त्र कळतं? हे जरा जास्तच नाही का होत?

शंका अगदी रास्त आहे आणि ती या क्षेत्रातल्याच लोकांनी तुमच्याआधी घेतलीये, चांगली कडाडून. मार्शल हेथ यांनी १९९८ मध्ये असं मांडलं की साध्या बघण्यावर आपण मोठमोठे विचार लादतोय. २००० च्या आसपास दोन-तीन गटांनी तो फळीचा प्रयोग वेगवेगळ्या तऱ्हेने करून बघितला आणि म्हणाले, बाळं फळी पूर्ण मागे पडते तेव्हा जास्त बघतात कारण तीच हालचाल त्यांनी आधी बघितलेली आहे, किंवा त्यात हालचाल जास्त आहे म्हणून, ठोकळ्याचा काही संबंध नाही. हा आक्षेप त्या एका प्रयोगापुरता मला वजनदार वाटतो.

पण सगळा डोलारा त्या एका प्रयोगावर उभा नाहीये. अंधारातल्या हातांचं वर सांगितलंच. जॉर्डी कॉफमन, गेर्गेली चिब्रा आणि मार्क जॉन्सन यांनी सहा महिन्यांच्या बाळांच्या डोक्याला ईईजीचे, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजणारे, सेन्सर लावून बोगद्यात शिरणारी आगगाडी दाखवली, बोगदा उचलल्यावर गाडी असायला हवी होती पण दिसली नाही तेव्हा उजव्या कानशिलाच्या बाजूला मेंदूतली एक विशिष्ट लय वाढलेली दिसली. म्हणजे बघण्याचे सेकंद मोजायचे सोडून दुसऱ्या रस्त्याने गेलं तरी उत्तर साधारण त्याच दिशेला येतं.

आणि मग २०१५ चा एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांचा प्रयोग, हा तुम्हाला इंजिनिअर म्हणून नक्की आवडेल. अकरा महिन्यांच्या बाळांना काहींना खेळणं भिंतीतून आरपार गेल्यासारखं दाखवलं, काहींना फळीवरून पुढे जाऊन हवेत तरंगल्यासारखं, आणि मग ते खेळणं हातात दिलं. आरपार गेलेलं खेळणं बाळांनी टेबलावर आपटून बघितलं. तरंगलेलं खेळणं खाली टाकून बघितलं. नुसतं ‘वेगळं दिसलं म्हणून बघितलं’ इतकंच असतं तर दोन्ही बाळांनी एकच काहीतरी केलं असतं. इथे तर जो नियम मोडला त्याच नियमाची तपासणी चाललीये!

तुमचा शब्द मात्र मी बदलेन, भौतिकशास्त्र म्हणणं मलाही जास्त वाटतं. बाळाकडे अपेक्षा असतात, आणि त्या सुट्या सुट्या, एकेका प्रकारच्या घटनेपुरत्या तयार होतात. सूझन हेस्पोस आणि बायार्जाँ यांनी २००१ मध्ये दाखवलं की उंच वस्तू ठेंगण्या भांड्याच्या *मागे* पूर्ण लपली तर साडेचार महिन्यांच्या बाळाला ते खटकतं, पण तीच उंच वस्तू तशाच ठेंगण्या भांड्याच्या *आत* पूर्ण मावली तर काही वाटत नाही, ते खटकायला साडेसात महिने उजाडतात. आणि वरून झाकण टाकून लपवली तर वर्ष होईपर्यंत. तेच भांडं, तीच वस्तू, नुसतं मागे की आत की खाली एवढा फरक. ज्याला एक नियम कळला त्याला तो सगळीकडे लावता यायला हवा होता, पण बाळ तसं शिकत नाही, आणि मला हे वाचल्यापासून डब्यात वस्तू टाकत-काढत तासभर बसणाऱ्या बाळांकडे बघायची नजरच बदलली.

प्रश्न: बाळ नऊ महिन्यांचं, मी बाथरूममध्ये गेले तरी किंचाळतं. आधी असं नव्हतं, कोणाकडेही राहायचं. आता त्याला वाटतं का की मी कायमची गेले?

उलट आहे. आधी रडत नव्हतं कारण तुम्ही नाही आहात हे धरून ठेवण्याइतकी आठवण टिकत नव्हती. आता टिकते. तुम्ही कुठेतरी आहात, इथे नाही, हे त्याला कळतंय, पण कधी याल हे कळत नाही आणि तुमच्यामागे येण्याइतकं अंग अजून चालत नाही, या मधल्या अवस्थेत माणूस रडणार नाही तर काय करेल. साधारण सहा-आठ महिन्यांनंतर ही ओढ सुरू होते, वर्षाच्या आगेमागे सगळ्यात जास्त असते आणि दोन वर्षांकडे जाताना कमी होत जाते. जेरोम केगन यांनी १९७० च्या दशकात ग्वाटेमाला, इस्रायलमधले किबुत्झ (सामूहिक वसाहती), आफ्रिकेतल्या कलहारीतले समाज अशा अगदी वेगवेगळ्या पद्धतीने मुलं वाढवणाऱ्या ठिकाणची माहिती शेजारी शेजारी ठेवली तर वय सगळीकडे जवळपास सारखंच निघालं, त्यामुळे ‘तुम्ही लाडावून ठेवलंय’ असं कोणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका.

एक कळकळीने सांगते, गुपचूप सटकू नका. रडू नको म्हणून लोक नजर चुकवून निघून जातात, पण मग बाळाला आई कधीही न सांगता गायब होऊ शकते असाच अनुभव मिळतो आणि ते जास्त चिकटतं. सांगून जा, बाथरूममधून आवाज देत राहा, परत आल्यावर आल्याचं सांगा. आणि बुवाकूक भरपूर खेळा. पॅरट आणि ग्लाइटमन यांनी १९८९ मध्ये सहा ते आठ महिन्यांच्या बाळांबरोबर हाच खेळ खेळताना मधेच युक्ती केली, लपलं एक माणूस आणि ‘भॉक’ करून बाहेर आलं दुसरंच, किंवा आलं तेच पण दुसऱ्या जागेवरून, तर बाळं कमी हसली. म्हणजे बाळ अचानक दचकवण्याला हसत नसतं, जे येणार असं वाटत होतं तेच आलं याचा तो आनंद असतो.

प्रश्न: नात सव्वा वर्षाची. मी किल्ली मुठीत धरते, मूठ चादरीखाली नेते, किल्ली तिथेच सोडून रिकामी मूठ दाखवते. ती मूठ उघडून बघते, माझ्या तोंडाकडे बघते आणि सोडून देते. चादरीखाली बघतच नाही. वस्तू समोर ठेवून झाकली तर मात्र पटकन काढते.

आजी, तुम्ही पियाजेचीच परीक्षा घेताय, न कळत! इथे तिला किल्ली जाताना दिसलीच नाही, दिसली ती मूठ. मुठीच्या आत किल्ली होती, मूठ तिकडे गेली, परत आली तेव्हा रिकामी, म्हणजे किल्ली तिकडे राहिली असणार, हा सगळा न दिसलेला प्रवास डोक्यातल्या डोक्यात करावा लागतो. पियाजेने याला शेवटची पायरी मानलं होतं, दीड ते दोन वर्षांची. तेव्हा सव्वा वर्षाला मूठ उघडून बघणं हेच बरोबर उत्तर आहे. खेळत राहा, आणि तिने मूठ बघून झाल्यावर तिला चादर उचलून किल्ली दाखवा, नाहीतर खेळातला तिचा रस जाईल.

प्रश्न: आमची मुलगी दोन महिने आधी जन्मली. आता दहा महिन्यांची आहे आणि झाकलेली वस्तू शोधत नाही. कधी दाखवायचं डॉक्टरांना?

आधी वय दुरुस्त करून घ्या, जन्माच्या अपेक्षित तारखेपासून मोजलं तर ती आठ महिन्यांची आहे आणि आठव्या महिन्यात हे नुकतं कुठे सुरू होत असतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची २०२२ मध्ये सुधारलेली यादी ७५ टक्के किंवा जास्त मुलांना जे जमतं त्यावर बेतलीये, त्यात हातातून पडून दिसेनाशी झालेली वस्तू बघायला वळणं हे नऊ महिन्यांपर्यंत आणि आपल्यासमोर लपवलेली वस्तू शोधणं हे एका वर्षापर्यंत धरलंय. दुरुस्त वयाने वर्ष झालं तरी शोधायचा काहीच प्रयत्न नसेल तर नक्की विचारा. त्याआधीसुद्धा चेहऱ्यांकडे बघत नसेल, हलत्या वस्तूमागे नजर जात नसेल, आवाजाला वळत नसेल किंवा आधी जमत होतं ते आता जमेनासं झालं असेल तर वाट बघू नका, लगेच जा. या बाबतीत ‘थांबून बघू’ हा सल्ला मला मान्य नाही.

नजरेचा मुद्दा मी मुद्दाम काढला. सेल्मा फ्रायबर्ग यांनी जन्मतः अंध बाळांचा फार मायेने अभ्यास केला होता, १९७७ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं, त्यात दिसतं की नुसत्या आवाजाच्या दिशेने वस्तूसाठी हात पुढे करायला या बाळांना आठ-नऊ महिने किंवा जास्त लागतात, तर बघू शकणारी बाळं दिसणाऱ्या वस्तूकडे चार-पाच महिन्यांतच हात नेतात. बुद्धीचा प्रश्न नव्हता, आवाज करणारी गोष्ट हातात धरता येणारी गोष्ट आहे हे जोडायला वेळ लागतो. अशा बाळाला वस्तू हाताळायला द्यायची, मग तीच थोडी बाजूला वाजवायची, हात तिथपर्यंत न्यायला मदत करायची, हे जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं.

प्रश्न: लपवाछपवी शिकवणारे बेबी व्हिडिओ असतात, ते लावले तर चालतील का?

वर्षाच्या आत नकोच, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या सूचनांमध्ये एक वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन नको असंच म्हटलंय. शिवाय उपयोगही नाही. जॉर्जिन ट्रोसेथ आणि जुडी डिलोश यांनी १९९८ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना दाखवलं, काहींना खिडकीतून, काहींना टीव्हीवर. खिडकीतून बघितलेल्यांनी जाऊन जवळपास प्रत्येक वेळी शोधून काढलं, टीव्हीवर बघितलेली मुलं बहुतेक वेळा चुकली. दोन वर्षांची मुलं ही, आणि तुम्ही तान्ह्याबद्दल विचारताय.

प्रश्न: मुलगा अडीच वर्षांचा, बोलतो छान, लपवलेलं काहीही शोधतो. पण बॉल गडगडत कपाटामागे गेला की तो कुठे अडकला असेल हे त्याला सांगताच येत नाही, भलतीकडेच शोधतो. वर्षभराचा होता तेव्हा यापेक्षा हुशार होता असं वाटतं!

हुशारी तशीच आहे, प्रश्न अवघड झालाय. नील बर्थिअर, रेचेल कीन वगैरेंनी २००० मध्ये नेमकं हेच तपासलं. उतारावरून बॉल सोडायचा, तो चार दारं असलेल्या पडद्यामागे जाणार आणि आत आडव्या लावलेल्या एका भिंतीला अडून थांबणार, भिंतीचं टोक पडद्याच्या वर स्पष्ट दिसतं. कोणत्या दारामागे बॉल? दोन आणि अडीच वर्षांची बहुतेक मुलं चुकली, तीन वर्षांच्यांना बरंच जमलं. आता पाच महिन्यांचं बाळ अशक्य गोष्टीकडे टक लावून बघतं आणि अडीच वर्षांचं मूल दार निवडताना चुकतं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण झाल्यानंतर ‘काहीतरी चुकलं’ हे जाणवणं वेगळं आणि व्हायच्या आत ‘इथेच असेल’ हे ठरवून हात घालणं वेगळं.

यात आणखी एक ओढ असते, सरळ खाली बघायची. ब्रूस हूड यांनी १९९५ मध्ये वेड्यावाकड्या नळ्यांमधून बॉल टाकून दाखवलं की दोन-अडीच वर्षांची मुलं नळी कुठे जाते ते न बघता जिथून टाकला त्याच्या बरोबर खाली शोधतात, पुन्हा पुन्हा. तुमचा मुलगा बॉल जिथे दिसेनासा झाला तिथेच वाकून बघत असेल तर तेही याच्याच जवळचं आहे. एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. २०११ मध्ये ॲमी जो, विक्रम जसवाल आणि रेचेल कीन यांनी तीन वर्षांच्या मुलांना बॉल टाकायच्या आधी सांगितलं की तो नळीतून कसा कसा जाईल ते मनात बघ, आणि तेवढ्याने मुलं जास्त वेळा बरोबर आली. तुमचा अजून तीनचा नाही, त्यामुळे लगेच जमेलच असं नाही, पण बॉल सोडायच्या आधी दोन क्षण थांबून त्याला विचारा की आता हा कुठून कुठून जाईल, बोटाने दाखवू दे त्याला, आणि मग सोडा.